एकाच विमानातली दोन विमानं

सोमवार

पाऊस गेला, दिवाळी उलटली. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, गवत अजून गुडघ्याएवढं असलं तरी खालचा जांभा सुकलाय, म्हणजे धावपट्टीपुरतं गवत कापून घेतलं की उडवायला हरकत नाही. त्याआधी हा आठवडा टेबलावर.

विमान आहे एएसएच 26 या ग्लायडरची रिमोटवर उडणारी (आरसी) 1:3.6 प्रतिकृती. मूळ जर्मन ग्लायडरच्या पंखांचा विस्तार 18 मीटर, म्हणून इथे बरोबर 5 मीटर. लांबी मूळची 7.05 मीटर, इथे दोन मीटरला थोडी कमी. क्षेत्रफळ मात्र प्रमाणाच्या वर्गाने घटतं, त्यामुळे 11.68 चौरस मीटरचे 0.9 उरतात. उडण्याच्या तयारीतलं वजन साडेनऊ किलो, म्हणजे चौरस डेसिमीटरला सुमारे 105 ग्रॅम. एवढ्या भाराला गोव्याच्या 30 अंशांच्या हवेत स्टॉल (पंखांची उचल तुटण्याचा वेग) ताशी 46 किलोमीटरच्या आसपास येतो. तापलेली हवा 15 अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा पाचेक टक्के विरळ असते. पंखांना ते फारसं जाणवत नाही, पण प्रोपेलरचा ओढाही तेवढाच घटतो आणि तो मात्र जाणवतो. युरोपातल्या आकड्यांवर विसंबून मोटर निवडली असेल तर हा हिशोब आधी करावा.

मूळ विमानाच्या इंजिनवाल्या 26 ई प्रकारात वँकेल इंजिन धडातच राहतं, वर येतो फक्त पट्ट्याने फिरणारा प्रोपेलर. आरसी प्रतिकृतीत सोयीसाठी मोटर थेट पायलॉनच्या, म्हणजे धडातून वर उभ्या राहणाऱ्या खांबाच्या, टोकाला बसवतात. दिसायला फरक किरकोळ, पण वजनाच्या हिशोबाने विमान बदलतं. पायलॉन आत असताना एक विमान, बाहेर असताना दुसरं. या आठवड्यातली प्रत्येक तपासणी म्हणून दोनदा.

मंगळवार

आज सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. पंख जोडून, शेपटाचा आडवा पंख बोल्टने आवळून, कॅनोपी, वैमानिकाचा पुतळा आणि उडताना असतील त्याच बॅटऱ्या जागेवर ठेवून तोलायचं. पुतळा विसरणं ही नेहमीची चूक. तो दीडदोनशे ग्रॅमचा असतो आणि बसतो नाकाजवळ.

पायलॉन पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे आणि मिटला की मागे झोपतो. मोटर, प्रोपेलर आणि माउंट मिळून 600 ग्रॅम, मिटल्या आणि उभ्या स्थितीत आडवं अंतर 250 मिलिमीटर. 600 गुणिले 250 भागिले 9500, म्हणजे सीजी जवळपास 16 मिलिमीटर सरकतो. पंखाची सरासरी रुंदी (कॉर्ड) 180 मिलिमीटर, म्हणजे कॉर्डच्या 9 टक्के. लहान ग्लायडरमध्ये आपण दोन-तीन मिलिमीटरवरून वाद घालतो, इथे स्विच दाबला की सोळा.

पायलॉन उभा करून तोललं आणि सीजी नकाशावरच्या खुणेवर आणला, तर मोटर आत गेल्यावर तो खुणेच्या 16 मिलिमीटर मागे जातो. मग चढण सुरेख होते आणि ग्लायडर झाल्याबरोबर विमान नाक वर-खाली करत हाताबाहेर जातं. म्हणून तोलायचं पायलॉन मिटून, दारं बंद करून. पहिल्या उड्डाणासाठी नकाशात दिलेल्या पट्ट्याची पुढची कड धरावी. उभ्या स्थितीत नाक जड होतं, ते चालतं.

शिसं घालायचं तर नाकात अगदी पुढे, आणि इपॉक्सीने चिकटवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून काम होतंय का ते बघावं. मृत वजनापेक्षा बॅटरी बरी.

पंख आणि आडव्या शेपटातला कोनफरक डिजिटल इन्सिडन्स मीटरने मोजला: दीड अंश. दोन्ही पंखांत पाव अंशाहून जास्त तफावत निघाली तर पंखाच्या मुळाशी असलेल्या पिनची भोकं तपासायची. ट्रिमने (ट्रान्समीटरवरच्या बारीक दुरुस्तीने) ती झाकू नये. 46 च्या वेगाला जास्त कोनातला पंखच आधी पडतो.

बुधवार

सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. कालचा सोळा मिलिमीटरचा बागुलबुवा आज छोटा वाटतो.

साडेनऊ किलो म्हणजे 93 न्यूटन, ते सोळा मिलिमीटर सरकले तर दीड न्यूटन-मीटरचं नाक-जड वळण (फिरवणारा जोर) मिळतं. मोटरचा उभ्या जागी ओढा सुमारे 60 न्यूटन, आणि तो सीजीच्या 250 मिलिमीटर वर लागतो. त्याचं वळण 15 न्यूटन-मीटर, म्हणजे दहापट. दोन्ही एकाच दिशेने, नाक खाली दाबणारे.

जमिनीवर याचा अर्थ काय? मुख्य चाक सीजीच्या साधारण 60 मिलिमीटर पुढे आहे. शेपूट जमिनीवर टेकवून ठेवणारं वळण त्यामुळे 93 गुणिले 0.06, म्हणजे साडेपाच न्यूटन-मीटर. समोर पंधरा. उभ्या विमानाला पूर्ण थ्रॉटल दिला की नाक गवतात जाणारच, हात कितीही कसलेला असो. एलेव्हेटर (आडव्या शेपटाची वरखाली हलणारी पट्टी) मागे ओढून धरला तरी वाऱ्याशिवाय त्याला जोर नसतो. ताशी 35-40 किलोमीटरपर्यंत तो जवळपास शोभेचाच.

हळू थ्रॉटल देऊन निभतं, पण त्याला गुळगुळीत आणि लांब डांबरी पट्टी लागते. सड्यावर जांभ्याचे खडे आणि गवताची खोडं आहेत. कमी ओढ्यात विमान रेंगाळतं, रेंगाळताना पंख पडतो, टोक गवतात अडकतं आणि विमान गरकन फिरतं. म्हणून डॉली, म्हणजे विमान उडालं की खालीच राहणारी चाकांची गाडी. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची, पुढची दोन चाकं सीजीच्या 250 मिलिमीटर पुढे, मागे एक. चाकं हवेची, 200 मिलिमीटर व्यासाची. आता मागे ओढणारं वळण जास्तीत जास्त 23 न्यूटन-मीटर मिळतं, त्यापुढे पंधरा आणि चाकांच्या घर्षणाचे दोनेक टिकत नाहीत. विमान डॉलीत नुसतं टेकलेलं असावं, कुठेही बांधलेलं नको. पाळण्यांना जाड फोम, आणि विमान सरळ वर उचलून अडकत नाही ना हे हाताने वीसेक वेळा बघायचं. चाक आत घेऊन डॉलीवरून उडायचं असेल तर चाकाची दारं पाळण्याला लागत नाहीत याचीही खात्री हवी.

डॉली सुटल्यावर प्रश्न हवेत येतो. थ्रॉटलसोबत एलेव्हेटर वर उचलणारा मिक्स (ट्रान्समीटरमधली आपोआप जोडणी) लावला: पूर्ण थ्रॉटलला 3 मिलिमीटर. हा आकडा अंदाज आहे, म्हणून तो ट्रान्समीटरच्या नॉबवर ठेवलाय, उडता उडता वाढवता-कमी करता येईल असा. थ्रॉटलला तीन सेकंदांचा मंद चढ आणि तेवढाच मंद उतार. एकदम बंद केला तर दाबणारं वळण क्षणात नाहीसं होतं, नाक उसळतं आणि वेग संपतो. पायलॉनची निम्मी कथा या उसळीत संपते.

गुरुवार

पायलॉनचा क्रम. मोटर थांबते, ब्रेक लागतो, प्रोपेलर उभा येतो, पायलॉन मागे झोपतो, दारं मिटतात. उलट्या बाजूला: दारं, पायलॉन, वरचा लिमिट स्विच, मग मोटर. हे सगळं एक छोटा कंट्रोलर करतो. त्याच्यावर भरवसा ठेवण्याआधी पंख काढून टेबलावर तीस फेऱ्या, मग विमान उलटंसुलटं धरून आणखी काही.

प्रोपेलर उभा आणणारा हॉल सेन्सर चुंबकापासून 2 मिलिमीटरवर असावा. जास्त अंतर ठेवलं तर सेन्सर कधी वाचतो, कधी नाही, आणि आडवा प्रोपेलर दारांच्या काठावर येऊन बसतो. त्यावेळी पायलॉन ढकलणारी छोटी मोटर जळते किंवा दाराची बिजागरी उखडते. म्हणून ढकलणाऱ्या मोटरला करंटची मर्यादा लावायचीच.

वरच्या लिमिट स्विचचा सिग्नल आला नाही तर थ्रॉटल शून्यावर बांधलेला हवा. हा इंटरलॉक नसलेलं विमान मैदानावर आणूच नये. मोटर धडाच्या आत सुरू झाली तर कार्बनचे तुकडे माणसांवर उडतात. चाचणी करताना प्रोपेलर काढून करावी हे सांगायला नको, तरी सांगतो.

कंपनाने काय सैल होतं ते बघायला अर्ध्या थ्रॉटलला अर्धा मिनिट चालवलं. पायलॉनच्या बिजागरीचे बोल्ट आणि मोटरचे चार स्क्रू मध्यम लॉकटाइटने (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाने). वायरला पायलॉनच्या वळणावर सैल फास द्यावा. ताणलेली वायर पहिल्यांदा तिथेच तुटते आणि तीन फेजांतली एक गेली की मोटर नुसती थरथरते.

शुक्रवार

रेडिओचं आटोपशीर. रिसीव्हरला दोन स्वतंत्र 2 सेल ली-आयन, दोन स्विच. मोटरच्या 10 सेल पॅकवरून रिसीव्हर चालवायचा नाही. सगळे सर्व्हो (पंख-शेपटाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम हलवून व्होल्टेज 7 च्या खाली जात नाही ना ते पाहिलं. धड कार्बनचं असेल तर 2.4 गिगाहर्ट्झ आतून बाहेर पडत नाही, म्हणून अँटेनांची टोकं बाहेर, एकमेकींशी काटकोनात. रेंज चेक पायलॉन उभा, मोटर चालू, विमान डॉलीवर आणि एक माणूस धरून. नुसत्या ट्रान्समीटरवर केलेला चेक या विमानात अर्धवटच. फेलसेफला (सिग्नल तुटला तर) मोटर बंद, एअरब्रेक निम्मे बाहेर.

लिंकेज, म्हणजे सर्व्होपासून पट्ट्यांपर्यंतची जोडणी, मात्र सावकाश. या पट्ट्यांच्या (कंट्रोल सरफेस) मागच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खेळ नको, कारण फडफड तिथूनच सुरू होते. खेळ कमी करायला सर्व्होचा आर्म आखूड आणि पट्टीवरचा हॉर्न लांब घ्यावा. ट्रान्समीटरमध्ये प्रवास 40 टक्क्यांवर आणून तोच परिणाम मिळाल्यासारखा वाटतो, पण सर्व्होची ताकद आणि अचूकता दोन्ही वाया जातात. एलरॉन (पंखांच्या टोकांकडच्या पट्ट्या) 22 मिलिमीटर वर, 11 खाली. एलेव्हेटर दोन्हीकडे 15. रडर (उभ्या शेपटाची पट्टी) 45. पाच मीटर पंखाला उलट यॉ (वळणाच्या विरुद्ध बाजूला नाक जाणं) फार, म्हणून एलरॉनसोबत रडरचा 25 टक्के मिक्स, बाकीचा अंगठ्याने. ब्रेक उघडल्यावर एलेव्हेटर किती लागेल ते हवेतच कळेल, सुरुवातीला 1 मिलिमीटर खाली.

आपल्याकडची खास डोकेदुखी म्हणजे खारी, दमट हवा. पावसाळाभर कोठीत पडलेल्या विमानाचा स्टीलचा जोडदांडा गंजाने फुगतो आणि पंखात अडकतो. पंखांच्या मुळाशी असलेल्या सहा पिनांच्या कनेक्टरवर हिरवा थर चढतो. दांडा बारीक पॉलिश पेपरने घासून मेणाचा हात द्यावा, कनेक्टर क्लीनरने पुसावेत, प्लायचे कच्चे काठ पातळ इपॉक्सीने बंद करावेत. पेटीत सिलिका जेल, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की भाजून परत.

शनिवार

जागा. गोव्याला दोन विमानतळ, त्यांतला दाबोळी नौदलाचा, दुसरा मोपा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या क्षेत्रात (जिथे आधी परवानगी लागत नाही) 120 मीटरपर्यंत, आणि विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 60 मीटरपर्यंतच. राज्य एवढंसं, त्यात दोन वर्तुळं, म्हणून या आकाराच्या विमानाला सत्तरी, सांगे, केपे अशा आतल्या तालुक्यांकडे वळावं लागतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उडवायच्या सकाळी पुन्हा उघडायचा.

वेळ सकाळी आठ ते दहा. पहाटेचे मतलई वारे पडलेले आणि खारे सुरू व्हायचे, अशी ती फट. घारी गिरक्या घेऊ लागल्या की थर्मल (वर चढणारी गरम हवा) सुरू झालं समजावं, पण पहिल्या उड्डाणाला थर्मल नकोच. दहानंतर पश्चिमेचा वारा आला तर पश्चिमेला तोंड करून उतरावं लागतं, म्हणजे येणं पूर्वेच्या कडेवरून. ती कड वाऱ्याच्या आडोशाला, तिथे हवा खाली जाते. अशा वेळी कडेवर नेहमीपेक्षा दहा मीटर जास्त उंची ठेवून यावं, उरलेली एअरब्रेकने खर्च करावी.

दव पुसायला सुती कापड. पंख दवाने ओले असतील तर उडवू नये. उन्हात बंद गाडीत पंख ठेवायचे नाहीत. कंपोझिट पांढरं रंगवतात ते उगाच नाही, तापलं की इपॉक्सी मऊ पडतं आणि पंखाला पीळ बसतो.

रविवार, पहाटे

क्रम कागदावर. पुढे 150 मीटर मोकळं, धाव चाळीसेक मीटरची अपेक्षित. पंखाचं टोक धरणारा पळेल, ओढणार किंवा ढकलणार नाही. पंख पडला तर मोटर तिथल्या तिथे बंद. चढताना ताशी 60 ते 65, 80 टक्के थ्रॉटल, नाक उंच नाही. 30 मीटरच्या खाली मोटर गेली तर वळायचं नाही, सरळ समोर.

चढण सेकंदाला 4 मीटर धरली तर 120 मीटरला अर्धं मिनिट. वर आल्यावर थ्रॉटल हळूहळू शून्य, पायलॉन बाहेरच ठेवून ट्रिम. या स्थितीत विमान सेकंदाला दीडेक मीटर खाली येतं, म्हणजे ऐंशी सेकंद हाताशी. पायलॉन आत घ्यायचा तो 80 मीटरच्या वर असतानाच, विमान सरळ आणि वाऱ्याकडे तोंड करून. नाक उठलं तर स्टिक पुढे, घाईने पुन्हा बाहेर काढायचा नाही. अर्धवट अडकला तर तसंच उतरायचं, वेग थोडा जास्त ठेवून. नीट मिटला तर एक सौम्य स्टॉल, एक ब्रेकची चाचणी, आणि 50 मीटरवर चाक बाहेर. डाईव्ह टेस्ट (नाक खाली करून सीजीची चाचणी) दुसऱ्या उड्डाणाला.

बाजूचा वारा सेकंदाला 3 मीटरच्या वर असेल तर डॉली उतरवायचीच नाही. उतरल्यावर बिजागरीभोवतीचं धड बोटांनी दाबून चरचर ऐकायची, आणि चार्जरने पॅकमध्ये किती भरलं ते लिहायचं. 50 अँपिअरला अर्धं मिनिट म्हणजे सुमारे 420 मिलिअँपिअर-तास. 700 भरले तर चढण ठरल्याएवढी झाली नव्हती, आणि सुरुवात प्रोपेलरच्या पिचपासून (पात्यांच्या तिरपेपणापासून) करायची.