विहिरीतला लाल पट्टा

आमच्या यवतमाळच्या बाजूला उन्हाळ्यात कुणी विहीर खणायला काढली की गावातली रिकामी माणसं काठावर येऊन बसतात. आधी काळी माती, मग मुरूम, मग गोटा. गोटा छिद्राछिद्रांचा, ठिसूळ लागला तर म्हातारे खूश, कारण त्यात पाणी थांबतं. एकसंध लागला की "काया फत्तर लागला रे बाप्पा" म्हणत एकेक जण उठतो. सुरुंगाचा खर्च मालकाच्या माथी.

माझी नजर मात्र मधूनच दिसणाऱ्या विटकरी लाल पट्ट्यावर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. दोन लोंढ्यांच्या मधे बरीच वर्षं शांत गेली, तेवढ्यात वरचा खडक झिजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. तोच हा पट्टा. म्हणजे वावर तयार होतं, पेरायला माणूस तेवढा नव्हता! नागपूरजवळ टाकळीला अशाच दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख निघाले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच ते जमवले होते.

आमची काळी मातीही याच दगडाची. पाण्यानं फुगते, उन्हानं आक्रसते. वैशाखात धुऱ्यावरून चालताना भेगेत पाय जातो, आणि घराच्या भिंती दरवर्षी नव्यानं तडकतात. पण ओल धरून ठेवावी तर तिनंच. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर तिच्या भरवशावर दिवाळीनंतरही हिरवी राहतात.

नागपूर ओलांडून पूर्वेला गेलं की हा काळा खडक संपत जातो. भंडारा-गोंदियाकडं जमिनीत त्याहून कितीतरी जुने खडक आहेत, वर धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. माझी बायको तिकडची. "तुमच्याकडचा चिखल चपलेसकट माणूस ठेवून घेते," असं ती लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात म्हणाली होती. तिला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, मला ज्वारीच्या भाकरीशिवाय. या भांडणात दोघांच्याही आयांना उगाच बोल लागतो. कुणाच्या ताटात काय, ते काळा दगड कुठवर आहे यावर कधीच ठरून गेलंय.

यंदाही तिच्या माहेराहून तांदळाचं पोतं आलं. आमच्याकडून तुरीची डाळ गेली.