ड्युअल बूटवाला लॅपटॉप १ टीबीवर हलवला, त्याची गोष्ट

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही, म्हणजे ड्युअल बूट, चालू करताना मेनूतून हवं ते निवडायचं, आणि हे सगळं कोंबलेलं एका २४० जीबीच्या एसएसडीत. सी ड्राइव्ह कायम लाल. परवा पेजमेकरची फाइल सेव्ह करताना डिस्क फुल आलं, म्हटलं आता बास. पुण्याच्या तपकीर गल्लीतून १ टीबीची साटा एसएसडी आणली आणि ती यूएसबीला जोडायला एक केसिंग. दुकानदार म्हणाला ठेवून जा, फॉरमॅट मारून उद्या फ्रेश करून देतो. पण फ्रेशच तर नको होतं ना, विंडोजवर जुने मराठी फॉन्ट नि त्यांचे कीबोर्ड बसवलेत, ते परत टाकायचे म्हणजे माळ्यावरच्या सीड्या शोधण्यापासून सुरुवात.

आधी महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर काढल्या. मग विंडोजचं फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट बंद केलं, कारण ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि तशा पार्टिशनची (डिस्कच्या भागाची) कॉपी करायला क्लोनझिला, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब कॉपी (क्लोन) करणारं सॉफ्टवेअर, कुरकुर करतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन) लावलेलं नव्हतं ते एक बरं.

क्लोनझिलाची पेनड्राइव्ह लावली, डिस्क टू डिस्क निवडलं. इथे एकच गोष्ट जपायची, कुठली डिस्क सोर्स आणि कुठली टार्गेट. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची कॉपी आपल्या डेटावर! मी दोन्ही डिस्कचे साइज कागदावर लिहून समोर ठेवले होते, तरी वाय दाबताना बोट थरथरलंच. पाऊण तासात क्लोन झालं.

खरा वेळ खाल्ला तो पुढच्या कामाने. डिस्कवर ओळीने ईएफआय (बूटच्या फाइल्सचं छोटं पार्टिशन), मग सी, मग विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आणि शेवटी उबुंटू, आणि नवी मोकळी जागा सगळी उबुंटूच्या पलीकडे. एसटीच्या बाकासारखं, कडेच्याने सरकल्याशिवाय खिडकीजवळच्याला पसरता येत नाही. जीपार्टेडमध्ये (पार्टिशन सरकवायचं-वाढवायचं सॉफ्टवेअर) आधी उबुंटू उजवीकडे सरकवलं, मग रिकव्हरी, मग सी वाढवला. हे चालू असताना वीज गेली तर कल्याणच, म्हणून लॅपटॉपची बॅटरी फुल करून बसलो होतो. ती निळी पट्टी इतकी हळू सरकत होती की मी मधे जेवून आलो.

मग मागचे स्क्रू काढून डिस्क बदलली. (जुनी लगेच यूएसबीला लावून बूट करू नका, दोन्हींचे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख-नंबर, सेम असतात, उबुंटू कुठल्या डिस्कवरून चालू झालंय तेच कळत नाही.) चालू केला तर मेनूच नाही, थेट विंडोज. बायोसमध्ये बघितलं तर बूटच्या यादीतून उबुंटू गायब, म्हणजे डिस्कवर सगळं जागच्या जागी पण मदरबोर्डच्या मेमरीतली नोंद उडालेली.

उबुंटूच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून चालू केलं, पार्टिशन माउंट करून सीएचरूट केलं, म्हणजे डिस्कवरच्या उबुंटूत शिरलो, ग्रब (बूटचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) परत बसवायला ग्रब-इन्स्टॉल चालवलं तर म्हणे ईएफआय व्हेरिएबल्स मिळत नाहीत. तासभर डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं की बूट मेनूत तीच पेनड्राइव्ह दोनदा दिसते, एकदा नुसती आणि एकदा पुढे यूईएफआय लिहून, आणि मी नुसती निवडत होतो!! म्हणजे लेगसी मोड, यूईएफआयच्या आधीची जुनी बूट पद्धत, त्यात नोंद होणार कशी. दुसरी निवडून तेच सगळं परत केलं, पाच मिनिटांत झालं.

मेनू आला पण आता त्यात विंडोज नाही. हे मात्र माहीत होतं, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) आपोआप चालत नाही, ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमधे एक ओळ टाकून अपडेट-ग्रब मारलं की दिसतं. दिसलं. अ‍ॅक्टिव्हेशनही शाबूत, कारण ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक काही नाही, मोजण्याची पद्धत वेगळी.

रात्री बायको विंडोज उघडून बसली आणि म्हणाली, अरे, साडेअकरा वाजलेत आणि हा सहा का दाखवतोय? लाइव्ह उबुंटूने घड्याळ यूटीसीला (जागतिक वेळेला) लावून ठेवलं होतं, विंडोज तीच इथली वेळ समजलं, बरोबर साडेपाच तास मागे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमधे सिंक नाऊ दाबलं आणि झोपलो.