उपाशी पोट, साबुदाणा आणि लिपिडचा रिपोर्ट

लॅबवाल्यानं ‘उपाशी पोटी या’ म्हटलं की आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुणी ना कुणी साबुदाण्याची खिचडी खाऊन हजर होतंच. उपवास वेगळा, उपाशी पोट वेगळं. लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीसाठी, १० ते १२ तास पाण्याशिवाय काही नको, दुधाचा चहासुद्धा नको. रात्री नऊला जेवण आटोपलं तर सकाळी आठला रक्त द्यायचं. कोलेस्टेरॉलची रोजची गोळी मात्र ‘टेस्ट आहे’ म्हणून चुकवायची नाही; गोळीचा गुण किती आला तेच तर बघायचंय. आणि गावच्या जत्रेच्या आठवड्यात तपासणीला जाऊच नका. मटण आणि दारूनं ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) असं चढतं की डॉक्टरही गोंधळतात.

या ट्रायग्लिसराइडला एवढं जपायचं कारण गणितात आहे. अनेक लॅब एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थेट मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र कोलमडतं. मग एलडीएल थेट मोजून मागा.

एक रिपोर्ट घेऊ. एकूण १९८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २४०. एकूण २००च्या आत, म्हणून तो आकडा ठळक छापलेला नसतो, आणि घरात ‘नॉर्मल आलं’ म्हणून कुंदा वाटला जातो. आता वजाबाकी करा: १९८ − ३४ − ४८ = ११६, हे एलडीएल. एकूणातून नुसतं एचडीएल वजा केलं तर १६४; हे नॉन-एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ सोडून बाकीचं सगळं कोलेस्टेरॉल. कमी एचडीएल आणि चढं ट्रायग्लिसराइड ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते, आणि ती नॉन-एचडीएलमध्येच उघडी पडते. माझ्या मते रिपोर्टात आधी हाच आकडा बघावा. कित्येक रिपोर्टांत तो नसतो, पण पेन्सिलीनं अर्ध्या मिनिटात निघतो.

एलडीएल किती हवं, हे माणसावर ठरतं. धडधाकट माणसाला १००च्या आत, मधुमेह असेल तर साधारण ७०च्या आत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला ५५च्या आत. नॉन-एचडीएलची मर्यादा यापेक्षा ३० जास्त धरायची. रिपोर्टाच्या उजव्या रकान्यातली ‘नॉर्मल’ मर्यादा सगळ्यांना एकच छापलेली असते. अँजिओप्लास्टी झालेल्यानं तिच्यावर विसंबू नये.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं तर दोष तेलाच्या माथी मारू नका. ते घराण्यातून आलेलं असू शकतं. भावंडांचं आणि मुलांचंही तपासून घ्या. एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पण बघा, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं.

खाण्याचं थोडक्यात. शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून हुरळू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, म्हणजे पाच जणांच्या घरात अडीच लिटर. शेंगाची चटणी चालेल. खारी आणि टोस्टवर मात्र हात आखडा. निपाणीकडच्या तंबाखूचा परिणाम एलडीएलच्या रकान्यात फारसा दिसत नाही, पण रक्तवाहिन्या ती बिघडवतेच.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ११८चे १२४ झाले तर घाबरू नका, एवढा फरक एकाच माणसात सहज पडतो. सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच: आकडा ६८ आला, ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी बंद. तो ६८ गोळीमुळेच असतो. बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा जुन्या जागी येतं. गोळी सुरू असताना अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) बघतील, डोस कमी करतील किंवा गोळी बदलून देतील.