आमची वाटचाल : जी६पीडीचा तो एक रिपोर्ट

नंदुरबारमध्ये २००४ साली लॅब सुरू केली, तेव्हा जी६पीडीचा (लाल रक्तपेशींना फुटण्यापासून वाचवणारे एन्झाइम) नुसता ठिपका, म्हणजे कागदावरचा थेंब अतिनील प्रकाशात चमकतो का, ते पाहून थांबायचे नाही, एन्झाइमची मोजणीच करायची, हे भागीदाराने आणि मी पहिल्याच दिवशी ठरवले होते. जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे यंत्र) घेतला. ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच (या एन्झाइममुळे तयार होणारे रसायन) किती वेगाने वाढते ते वाचायचे, क्युव्हेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) मऊ कापडाने पुसायचे आणि वॉटर बाथ ३७ अंशांवरून हलू द्यायचा नाही. कारण ३० अंशांवर तीच चाचणी केली की आकडा खाली येतो, आणि दुसऱ्या लॅबची नॉर्मल मर्यादा आपल्या रिपोर्टवर छापणे ही रुग्णाची फसवणूक ठरते.

२०१३ च्या पावसाळ्यात मात्र लॅब बंद पडायची वेळ आली. धडगावकडच्या एका मुलाला हिवतापासाठी प्रायमाक्विन दिल्यावर काळ्या चहासारखी लघवी झाली, आणि ऐन रक्तविघटनात त्याचा नमुना आमच्याकडे आला. आकडा नॉर्मलच्या खालच्या टोकाला, पण नॉर्मल होता. अशा वेळी एन्झाइम संपत आलेल्या जुन्या पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि नव्या, कोवळ्या लाल पेशींमध्ये (रेटिक्युलोसाइट, थोडक्यात रेटिक) एन्झाइम जास्त असते, म्हणून तळाशी मी स्वतः लिहिले होते : 'रेटिक वाढलेले, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.' तीन महिन्यांनी दुसऱ्या शहरात कमतरता निघाली. इथल्या एका कलेक्शन सेंटरने दोन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स दवाखान्यांतून फिरवल्या, त्याही आमच्या रिपोर्टची खालची ओळ दुमडून. सहा महिन्यांत नमुने निम्म्यावर आले आणि भागीदार बाहेर पडला. ती दुमड मी विसरलेलो नाही. तेव्हापासून आमचा शेरा आकड्याच्या वर छापला जातो.

तळोद्याचे बालरोगतज्ज्ञ डॉक्टरसाहेब तेवढे आमच्यासोबत राहिले. मे महिन्यातही त्यांची ईडीटीएची (रक्त गोठू न देणारे रसायन) नळी, बर्फाला थेट लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून, थर्मासमधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची. नव्याने लॅब काढणाऱ्यांनी हे शिकावे, आणि पांढऱ्या पेशींचा थर नीट काढावा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णात तो राहिला तर आकडा फुगतो.

त्या मुलाच्या आईलाही डॉक्टरसाहेबांनीच पाठवले. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने अशा बाईच्या रक्तात एन्झाइम पुरेसे असलेल्या आणि कमी असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी असतात : ठिपका व्यवस्थित चमकला, मोजणीत एन्झाइम निम्म्याच्या आसपास भरले. पुढच्या आठवड्यात त्याच थर्मासमधून तिच्या दोन्ही मुलींचे नमुने आले.