तेल घालू नका

जुना टाइपरायटर घरात आला की येणारा-जाणारा एकच सल्ला देतो, ‘थोडं तेल सोडा, मोकळा होईल.’ सल्ला देणाऱ्याच्या घरी सहसा शिवणयंत्र असतं. शिवणयंत्राला तेल मानवतं, टाइपरायटरला भोवतं.

अक्षरांच्या दांड्या जिथे अर्धवर्तुळात बसतात, तिथल्या खाचा जेमतेम दांडीपुरत्या. त्यात सोडलेलं तेल चार दिवस जादू दाखवतं. मग धूळ, रिबनचे तंतू आणि खोडरबराचा चुरा त्यात कालवला जातो आणि सगळ्याचा वाळून चिकटा होतो. दांडी वर जाते, कागदाला टेकते आणि खाली यायचं नाव घेत नाही. माझ्याकडच्या मराठी गोदरेजचा ‘र’ असाच अडून बसायचा. (‘र’ न वापरता बँकेला अर्ज लिहून बघा.) उपाय तेलाच्या नेमका उलटा. टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून खाचांतून फिरवायचा, ते बटण दाबत राहायचं, सुटलेलं काळं पाणी फडक्याने टिपायचं, पुन्हा ब्रश. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि यंत्राच्या रंगावर थेंब पडू द्यायचा नाही. तेल लागतंच तर कॅरेज, म्हणजे कागद घेऊन डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग, ज्यावर धावतो त्या पट्ट्यांना, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं.

मग अक्षरांची पोटं. ‘ब’, ‘व’, ‘ठ’ यांच्या गोलात वाळलेली शाई बसते आणि कागदावर ‘ठ’च्या जागी काळा ठिपका उमटतो. टाचणीच्या टोकाने ती उकरून काढण्यात एक दुपार कशी जाते कळत नाही. घरच्यांना कळतं.

कागद ज्याच्याभोवती गुंडाळला जातो तो रबरी रूळ वयाने दगड झालेला असतो. कागदामागे आणखी एक कागद घातला की ठोका मऊ पडतो आणि पूर्णविरामाची भोकं पडत नाहीत. कॅरेज सरकेनासं झालं, तर बहुतेक वेळा त्याला ओढणारी दोरी तुटलेली असते. तिथे मासेमारीचा नायलॉन धागा चालतो. मात्र मराठी यंत्रात काही चिन्हांच्या बटणांना कॅरेज हलत नाही ते मुद्दामच, म्हणजे चिन्ह आणि अक्षर एकाच जागी बसतात. हे ठाऊक नसल्याने लगेच स्क्रू ड्रायव्हर काढणारे उत्साही पाहिले आहेत.

गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. आता सुटा भाग हवा तर दुसरं यंत्र मोडावं लागतं. पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब असलं तर त्याच मॉडेलचं भंगारातलं इंग्रजी यंत्र हाती लागतं. त्याच्या स्प्रिंगा, चाकं, स्क्रू मराठी यंत्राला बिनतक्रार बसतात. तुटलेला ‘ळ’ हवा असेल तर मात्र मराठीच शोधावं लागतं, आणि विकणाऱ्याला ‘ळ’चा भाव बरोब्बर ठाऊक असतो.