नितळ सीरम आणि ७.४ पोटॅशियम

रक्तातलं पोटॅशियम ७.४ आलं की लॅबमध्ये आमची पहिली नजर ट्यूबकडे जाते. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, लालसर असेल तर प्रश्न मिटला: तांबड्या पेशी फुटल्या आणि आतलं पोटॅशियम बाहेर सांडलं. पेशीच्या आत ते लिटरला १४० मिलीमोलच्या आसपास, बाहेर ३.५ ते ५. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. त्या दिवशीचं सीरम मात्र नितळ पिवळं होतं.

दुसरा संशय जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ईडीटीए हे रसायन असतं, आणि घाईत कुणीतरी तिच्यातलं रक्त पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ओततं. ('कमी पडत होतं म्हणून भरलं', हे कितीदा ऐकलंय!) मग पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम कोसळतं, कारण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. इथे कॅल्शियम ९.३, मूत्रपिंडाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन ०.९, दोन्ही नॉर्मल. मशीन बरोबर मोजतंय का ते पाहायचे कंट्रोल सकाळीच लावून झाले होते. पुन्हा लावलं, ७.४च.

बाई साठीच्या, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या चालू. दोन्हींनी पोटॅशियम वाढतं, त्यामुळे डॉक्टरांना आकडा पटला आणि बाईंना जिल्ह्याला हलवायची तयारी सुरू झाली. ईसीजी मात्र साफ होता. ताजं सॅम्पल मागवलं, अर्धा तास गोठू दिलं, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज केलं. ४.३.

खरी खूण साखरेत होती आणि ती मला उशिरा दिसली. पहिल्या ट्यूबमध्ये साखर ९८. रक्त काढलं आदल्या संध्याकाळी साडेपाचला, सीरम वेगळं झालं सकाळी दहाला. इतके तास रक्त खोलीच्या तापमानाला राहिलं, तर पेशी तासाला पाच ते सात टक्के साखर खातात. ती निम्म्याच्या खाली जायला हवी होती. ज्याअर्थी ९८ राहिली, त्याअर्थी ट्यूब थंडीत होती. कलेक्शन सेंटरला फोन केला. "फ्रिजमध्येच ठेवलं होतं, मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मे महिन्यात त्याच सेंटरवरून पोटॅशियम ३.१, ३.२ असं येत होतं. पेशीच्या पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो. (डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ साली खेकड्याच्या नसांमध्ये दाखवला, नोबेल मिळालं १९९७ साली.) उन्हाच्या तापात पंप जोरात चालतो आणि सीरममधलं पोटॅशियम पेशीत जातं, साखर संपली की उलट गळती. डॉक्टरांच्या तक्रारी आल्या आणि वरून फर्मान निघालं: सॅम्पल थंड ठेवा. सीरम वेगळं करून मग थंड ठेवा, हे अर्धं वाक्य फर्मानात नव्हतंच, कारण तिथे सेंट्रिफ्यूजच नाही. सेंटरवरच्या पोरावर चिडण्यात अर्थ नव्हता.

फ्रिजच्या चार अंशांत पंप जवळपास झोपतो. पेशी फुटत नाही, म्हणून सीरम लाल होत नाही. पडद्यातून पोटॅशियम नुसतं झिरपत राहतं. हिमोलिसिस इंडेक्सवर, म्हणजे सीरमच्या लालीवरून पेशी किती फुटल्या ते सांगणाऱ्या आकड्यावर, भिस्त ठेवणारं मशीन याला हिरवा कंदील दाखवतं. त्या दुपारी एकाच माणसाच्या तीन ट्यूब भरून पाहिल्या. लगेच वेगळी केली ती ४.२, सहा तास एसीच्या खोलीत ठेवली ती ४.३, सहा तास फ्रिजमध्ये ठेवली ती ५.४.

७.४ निदान डोळ्यांत तरी खुपलं. पण लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या कुणाचं खरं पोटॅशियम २.९ असेल, तर रात्रभर फ्रिजमध्ये राहून ते ४.५ किंवा ५ झालं असेल आणि आमच्याच सहीने 'नॉर्मल' म्हणून गेलं असेल. मेपासूनचं त्या सेंटरचं रजिस्टर काढलंय. संध्याकाळी पाचनंतरच्या नोंदींवर पेन्सिलीने खुणा करतेय, आणि एकेका डॉक्टरांना फोन लावतेय.