पाणी तांबडं झालं आणि दुसरी बॅच सोडलीच नाही

नदीवर ट्यूबिंगचं काम करतो मी, म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसवून लोकांना प्रवाहाबरोबर खाली न्यायचं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीवर. भर पावसाळ्यात इथे राफ्टिंग असतं, तेव्हा पाणी जोरात आणि येणारी माणसं मोठी. शाळेची मुलं येतात ती पाऊस ओसरल्यावर, पाणी जरा नितळ आणि शांत झालं की. ही गोष्ट अशाच एका ऑक्टोबरची.

फोंड्याहून शाळेची बस आली, ३२ मुलं सहावी-सातवीची, सोबत दोन मॅडम आणि एक सर. एकदम ३२ मुलं पाण्यात सोडायची नाहीत हा आमचा नियम, म्हणून १६-१६ च्या दोन बॅच केल्या. सगळ्यात पुढे मी म्हणजे लीड, सगळ्यात मागे स्वीप, मध्ये आमचे चार जण. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही, मुलांना पहिल्यांदा हेच पाठ करून घेतो.

लाइफ जॅकेट घालायला अर्धा तास जातो आणि तो जाऊच द्यावा. बकल लावलं म्हणजे जॅकेट बसलं असं नसतं. मी प्रत्येकाच्या मागे उभा राहून खांद्याच्या पट्ट्या वर खेचून बघतो, जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार, मग साइज बदलायची आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळायचा. बारीक मुलांना तो पट्टा नसेल तर मी पाण्यात उतरवतच नाही, मग कोणी कितीही रुसू दे. हेल्मेट, आणि पायात बांधलेले बूट, चप्पल नाही. ट्यूबला लोंबणारी दोरी असेल तर काढून टाकायची. ट्यूब एकमेकींना बांधून द्या, मुलांना गप्पा मारता येतील, असं सांगणारे पालक खूप भेटतात, पण बांधलेल्या दोन ट्यूबच्या मधोमध दगड आला की त्या त्याला विळखा घालून अडकतात आणि मग मुलाला सोडवणं फार कठीण.

पहिली बॅच सोडली, ऊन छान, मुलं खूश, उथळ पाणी आलं की मी ओरडायचो "बूड वर!" आणि सगळी मुलं हसत हसत बूड उचलायची. एका वळणाच्या आधी एक साधी घसरण आहे, म्हणजे पाणी उतारावरून जोरात खाली येतं ती जागा, खरंच साधी, तिथे आजवर कोणी पडलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी एक मुलगी तिथे उलटली. वर आली, जॅकेट व्यवस्थित होतं, पण घाबरून उभी राहायला गेली. गुडघ्यापेक्षा जास्त वाहत्या पाण्यात कधी उभं राहायचं नाही, कारण पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर मागून पाणी माणसाला पुढे पाडतं आणि डोकं वर काढता येत नाही, जॅकेट असूनसुद्धा. मी जीव तोडून ओरडलो, "बाय, उभी राहू नको! उताणी हो, पाय वर!" आणि तिनं ऐकलं. काठावर पाच मिनिटं जमिनीवर झोपवून घेतलेली प्रॅक्टिस, ती तिला आठवली. पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर. स्वीपनं दोरीची थैली फेकली, ती फेकली की आतली दोरी सुटत जाते, तिनं दोरी खांद्यावरून धरली आणि तो तिला काठाला ओढून घेऊन आला. रडली थोडं, मग पाणी प्यायली आणि बसमध्ये जाऊन बसली.

मला वाटलं, पडली एक मुलगी, पडतात कधी कधी. इथे माझी चूक झाली. ती तिथे का पडली हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

वर सुरुवातीच्या जागेला परत आलो तर दुसरी बॅच जॅकेट घालून तयार, नाचत होती. तिथे पाण्यात एक मोठा दगड आहे, त्यावर आम्ही रंगाचा पट्टा मारून ठेवलाय, सकाळी पाणी पट्ट्याच्या चार बोटं खाली होतं. आता पट्ट्याला टेकलं होतं. डोक्यावर ऊनच. पण पाण्यावर सुकी पानं, काटक्या, बांबूची सोपटं येत होती, आणि सकाळी तळातले गोटे दिसत होते तिथे आता काहीच दिसेना. काठावर गुरं घेऊन आलेले एक आजोबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उदक तांबडें जालां मरे, वयर पावस पडला." म्हणजे पाणी तांबडं झालंय, वर पाऊस पडलाय.

म्हादई येते ती वरून, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून. जांबोटी-कणकुंबीकडे दुपारी गडगडाट होऊन पाऊस पडला तर आमच्या वाळपईत एक थेंब नसताना इथे पाणी चढतं. चोर्ला घाटाच्या बाजूला बघितलं तर आभाळ काळंकुट्ट. आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला की ती मुलगी घसरणीवर पडली कारण घसरण सकाळची राहिलीच नव्हती, पाणी तेव्हाच चढायला लागलं होतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि मूल तेवढंच असतं, तीस किलोचं.

मी सांगितलं, दुसरी बॅच कॅन्सल.

मॅडम चिडल्या. "अहो, ऊन पडलंय स्वच्छ, पाऊस कुठाय? यांच्या आईबाबांनी पण पैसे भरलेत." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना १६ रडवेले चेहरे सांभाळायचे होते. ग्रुप आणणाऱ्या एजंटचा पण फोन, अर्धंच अंतर फिरवून आणा ना. पण अर्धं अंतर म्हणजे ती घसरण येतेच, आणि वळणावर काठाच्या बांबूंचं बेट पाण्यात झुकलेलं आहे. पाणी कमी असताना ते बाजूला राहतं, पाणी चढलं की प्रवाह त्याच्यातूनच जातो. पाणी बांबूंमधून गळून पुढे जातं, मूल अडकतं. एका मुलानं विचारलं, "काका, फक्त इथल्या इथे बसू ट्यूबमध्ये?" त्याला नाही म्हणताना खूप वाईट वाटलं मला.

मग मुलांना गवतावर नेलं आणि दोरीची थैली फेकायला शिकवली, एक बुडणारा, एक वाचवणारा. ती पडलेली मुलगी बसमधून उतरून आली आणि तिनंच बाकीच्यांना दाखवलं दोरी छातीशी कशी धरायची, मनगटाला का गुंडाळायची नाही. पाऊण तासानं एक मुलगा ओरडला, दगड कुठे गेला? पट्टा नव्हता, दगडही नव्हता, तिथे नुसता तांबडा भोवरा फिरत होता. मॅडम बराच वेळ तिकडे बघत उभ्या होत्या, मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, चला, बसमध्ये मुलं मोजून घेऊया. दोनदा मोजली, ३२.

दुसऱ्या बॅचचे पैसे परत केले. त्या दिवसापासून मुलं पाण्यात असेपर्यंत आमचा एक माणूस वॉकीटॉकी घेऊन त्या दगडाजवळच बसतो, आणि पाणी दोन बोटं जरी चढलं तरी तो मला कळवतो, मग मी पुढच्या सपाट काठाला सगळ्यांना बाहेर काढतो. वरच्या गावात ओळखीचे एक जण आहेत, त्यांनाही सकाळी आणि दुपारी जेवणाआधी फोन करून विचारतो, वर आभाळ कसं आहे.